शेवंड मागे पळते: स्कूबा करताना हातानं शेवंड कशी धरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचं एक जोडपं, दोघांचंही तारकर्लीला ओपन वॉटर सर्टिफिकेट (स्कूबाचा पहिला कोर्स) झालेलं, ऑगस्टच्या मध्याला फ्लोरिडाला बहिणीकडे निघालंय. मेहुणे त्यांना कीज बेटांजवळ बोटीनं शेवंड, म्हणजे लॉबस्टर, धरायला नेणार आहेत. दोघांच्या समुद्रातल्या डाइव्ह मोजून सात-आठ. विचारलंय की हातानं शेवंड धरतात म्हणजे नेमकं काय करतात, सामान काय लागतं, आणि सोलापुरात राहून त्याचा सराव करता येतो का.

सरावाचं नंतर सांगतो. आधी जनावर समजून घ्या.

सीना-भीमेच्या काठाला ज्यांनी खेकडे धरलेत, त्यांच्या हाताला एक सवय असते. मागून जायचं, पाठीच्या कवचावर अंगठा आणि बोटं बसवायची, नांगी पोचू द्यायची नाही. फ्लोरिडात ही सवय अर्धीच कामाची, कारण तिथल्या काटेरी शेवंडीला नांग्याच नसतात. मोठमोठ्या नांग्यांचा, हॉटेलच्या पाटीवर रंगवलेला लॉबस्टर वेगळा. तो उत्तरेकडच्या थंड पाण्यातला, आणि अमेरिकेच्या मेन राज्यात तर तो डुबकी मारून पकडायला बंदीच आहे. फक्त सापळ्यानं पकडायचा. फ्लोरिडाच्या शेवंडीकडे दोन लांब काटेरी मिशा, डोळ्यांवर पुढे वळलेली दोन शिंगं, अंगभर काटे आणि एक जबरदस्त शेपूट असते. चालते ती पुढे, सावकाश. घाबरली की शेपूट पोटाखाली झटक्यानं दुमडते आणि उलटी मागे सुटते. तुम्ही फिन कितीही मारले तरी तो वेग गाठता येत नाही.

समोरून झडप घातली की ती तुमच्यापासून लांबच जाणार. म्हणून धरायची जागा तिच्या पुढ्यात नसते, पाठीमागे असते. काठी, जाळं, पिशवीत टाकायची पद्धत, लहान असली तर सोडून द्यायची पद्धत, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

सामान फार नाही. एक बारीक काठी, तिकडे तिला टिकल स्टिक म्हणतात: फायबर किंवा अॅल्युमिनियमची, ७५ ते ९० सेंटिमीटर लांब, करंगळीपेक्षा बारीक, टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर किंचित वाकवलेले. हुक करू नका, टोकाला धार नको. शेवंडीच्या अंगात घुसेल असं कुठलंही हत्यार, भाला किंवा हुक, फ्लोरिडात चालत नाही. एक हातजाळं: तोंड साधारण फूटभर व्यासाचं, दांडा आखूड, पिशवी खोल आणि जाळी बारीक. जाळी मोठ्या घरांची असेल तर काटे आणि पाय अडकतात आणि सोडवण्यात पाच मिनिटांची हवा जाते. झाकण आपोआप मिटणारी किंवा नळीसारख्या तोंडाची जाळीची पिशवी. प्लास्टिकची किंवा धातूची मोजपट्टी, दोरीनं मनगटाला किंवा पिशवीला बांधलेली. पाण्यात मोजपट्टी जवळ असणं कायद्यानं सक्तीचं आहे. एक छोटा टॉर्च. आणि हातमोजे. त्यासाठी तिकडच्या डाइव्ह शॉपमध्ये डॉलर मोजायची गरज नाही. बांधकामावर वापरतात ते तळव्याला खडबडीत रबर लावलेले सुती मोजे आपल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि काट्यांपुढे ते उत्तम टिकतात. नेताना दोन जोड न्या, एक मोसमभरात फाटतोच. टॉवेल मात्र सोलापूरचाच न्या, हे वेगळं सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. शेवंड दिवसा कपारीत बसते: खडकाच्या पुढे आलेल्या कडेखाली, प्रवाळाच्या पायथ्याच्या पोकळीत, मोठ्या स्पंजाच्या आडोशाला, समुद्रगवताच्या पट्ट्यातल्या खड्ड्यात. पूर्ण शेवंड क्वचितच दिसते. दिसतात त्या मिशा, दोन लांब तपकिरी छड्या, कपारीच्या सावलीतून बाहेर आलेल्या आणि हळूहळू हलणाऱ्या. नवख्याची नजर वरच्या रंगीत माशांवर जाते. तुम्ही खडकाची कड जिथं वाळूला टेकते त्या रेषेवरच नजर ठेवून पोहा. एक दिसली की तिथंच थांबा, कारण शेवंड एकटी राहणारी नाही. एका कपारीत चार-पाच सापडणं नेहमीचं. शरद ऋतूतल्या वादळांनंतर तर या शेवंडी एकीमागे एक, मिशीनं पुढचीला स्पर्श ठेवत, वाळूवरून रांगेनं निघतात. पंढरपूरची दिंडी पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल. ऑगस्टमध्ये ते दिसणार नाही.

मिशा दिसल्या की लगेच झेपावू नका. दीड-दोन मीटरवर थांबून श्वास दोन-तीनदा सावकाश सोडा आणि कपार नीट बघा. किती खोल आहे, मागून दुसरी वाट आहे का, शेजारी आणखी कोण बसलंय. टॉर्च थेट डोळ्यांवर मारू नका. उजेड बाजूच्या भिंतीवर टाकला तरी पुरेसं दिसतं. मागून उघडी असलेली कपार सोडून द्या, तिथं तुम्ही कितीही हुशारी केली तरी ती पलीकडून निघून जाते.

जवळ जायचं ते बाजूनं, तळाशी राहून. काठी उजव्या हातात, जाळं डाव्या. काठी तिच्या अंगाला न लावता कपारीच्या भिंतीला घासत आत सरकवा. टोक शेपटीच्या मागे पोचलं की शेपटीवर हलक्या दोन टिचक्या. ढोसायचं नाही; झोपलेल्या माणसाच्या पायाला बोट लावावं तितकंच. तिला मागून कोणीतरी आलंय असं वाटतं आणि ती एक-दोन पावलं पुढे येते. मग थांबते, मिशी काठीवरून फिरवून अंदाज घेते. पुन्हा टिचकी, पुन्हा दोन पावलं. याला एक मिनिट लागेल, कधी तीन. जोरात टोचलं तर ती उलटी आत जाते, पाय कपारीच्या छताला आणि भिंतीला रोवते आणि काटे अडकवून पाचरीसारखी बसते. एकदा अशी बसली की ती कपार विसरा आणि पुढे जा. तिला ओढून काढायच्या नादात पाय तुटून हातात येतात आणि शेवंड आतच राहते.

शेपटीसकट पूर्ण बाहेर आली की काठीचं पहिलं काम संपलं. आता जाळं न्यायचं तिच्या मागे, म्हणजे तिच्या आणि कपारीच्या मधे. जाळ्याच्या तोंडाची खालची कड वाळूला टेकलेली, तोंड तिच्या शेपटीकडे, अंतर साधारण वीतभर. नव्या माणसाचा हात इथं घाईनं वरून फिरतो आणि सावली पडून ती उडते. हात खालून, वाळूच्या कडेकडेनं फिरवा. जाळं बसलं की काठी समोर आणा आणि मिशांच्या बुंध्याशी, डोळ्यांच्या मधोमध एक टिचकी मारा. ती मागे उडते ती सरळ जाळ्यात. त्याच क्षणी जाळ्याचं तोंड वाळूवर पालथं दाबा. आत शेपटीची फडफड सुरू होते, वाळूचा ढग उठतो, काही दिसत नाही. दिसायची वाट बघू नका; जाळ्यावरूनच तळवा पाठीच्या कवचावर दाबून धरा. फडफड पाच-सात सेकंदात थांबते.

जाळं नसताना, नुसत्या हातानंही धरता येते. कॅलिफोर्नियात तर पाणबुड्याला तेवढीच मुभा आहे: फक्त हात, काठी नाही, जाळं नाही. तिकडची शेवंड वेगळ्या जातीची, कवच किमान सव्वातीन इंच आणि दिवसाला ७. तिथं बहुतेक जण रात्री जातात, कारण रात्री ती खायला कपारीबाहेर उघड्यावर फिरते. सावकाश जवळ जायचं, आणि शेवटच्या हातभर अंतरात मात्र मागेपुढे न बघता वरून तळवा मारून पाठीचं कवच तळाशी दाबायचं. अर्धवट धरलेली शेवंड सुटतेच. मिशा कधीच धरू नका. काडीसारख्या मोडतात, आणि तुमच्या हातात मिशी राहते. पायही धरू नका. पाय सोडून पळणं ही तिची रीतच आहे. धरायचं ते पाठीचं कवच किंवा दोन्ही मिशांचे जाड बुंधे एकत्र. शेपटीच्या कडा धारदार असतात, दुमडताना बोट मधे आलं तर मोज्यासकट कापतं.

धरल्यावर पहिलं काम मोजणं, आणि ते पाण्यातच करायचं. बोटीवर नेऊन मोजू, लहान असली तर सोडू, असं चालत नाही. फ्लोरिडात कवच ३ इंचांपेक्षा जास्त हवं, म्हणजे ७६ मिलिमीटरच्या वर. मोजायचं कुठून कुठवर ते नीट समजून घ्या, कारण दंड बहुतेक इथंच होतो. डोळ्यांवरच्या दोन शिंगांच्या मधे कवचाची जी पुढची कडक कड आहे तिथं मोजपट्टीचं एक टोक टेकवायचं. शिंगांच्या टोकापासून नाही, आणि पुढे आलेला मऊ भागही धरायचा नाही. तिथून पाठीच्या मधल्या रेषेवरून सरळ मागे, कवच संपून शेपटीचा पहिला वेढा सुरू होतो तिथपर्यंत. शेपूट मोजायची नाही. पट्टीचं दुसरं टोक कवचाच्या मागच्या कडेवरून खाली उतरलं, तर शेवंड लहान. टोक कवचावरच अडलं आणि कड त्याच्या मागे उरली, तर चालेल. अगदी काठावर असेल तर सोडा. पट्टी तिरकी धरून दोन मिलिमीटर मिळवणाऱ्यांना बोटीवरचा अधिकारी पट्टी सरळ धरून दाखवतो.

मग उलटी करून पोट बघा. शेपटीखाली खसखशीसारख्या बारीक अंड्यांचा नारिंगी किंवा तपकिरी गठ्ठा दिसला तर ती मादी अंड्यांवर आहे, कितीही मोठी असली तरी सोडायची. अंडी खरवडून काढणं हाही गुन्हाच. अंडी नसलेली मादी ठेवता येते. ती ओळखायची खूण म्हणजे सगळ्यात मागच्या पायांच्या टोकाला असलेला बारीक चिमटा. नराच्या पायाला तो नसतो.

सोडताना नुसती पाण्यात टाकून देऊ नका. उघड्या वाळूवर पडलेली, घाबरलेली लहान शेवंड ट्रिगरफिश आणि हेकरूसारख्या माशांच्या तोंडचा घास असते. जिथून काढली त्याच कपारीशी न्या, शेपूट आतल्या बाजूला करून वाळूवर ठेवा आणि हात काढा. मागे उडते ती आपल्या घरात. पिशवीतही तशीच टाकायची, शेपूट आधी. डोकं आधी घातलं तर शेपटीचा एकच झटका बसतो आणि ती पिशवीच्या तोंडातून बाहेर. पहिल्या दिवशी जी शेवंड पकडूनही घरी येत नाही, ती बहुतेक अशीच गेलेली असते.

इथपर्यंत हाताचं काम झालं. पण या खेळात माणसं मरतात ती शेवंडीमुळे नाही. कपारीत डोकं घातलेला माणूस गेज, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, बघत नाही, हा मोठा धोका. हिशोब मांडून बघा. ११ लिटरचा अॅल्युमिनियम सिलिंडर, २०० बार दाबानं भरलेला, म्हणजे साधारण २,२०० लिटर हवा. शेवटचे ५० बार राखीव, म्हणजे ५५० लिटर बाजूला. हाताशी उरले १,६५०. शांत पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरा. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. सिलिंडर चालला ४१ मिनिटं. आता तोच माणूस शेवंडीमागे धावतोय, खाली डोकं, वर पाय, फिन जोरात. पृष्ठभागाच्या हिशोबानं ३५ लिटर होतात, खाली ७०. तोच सिलिंडर २३ मिनिटांत संपतो. पावणेदोनपट फरक फक्त धावपळीचा, खोली तीच. जोरात हापापून श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे दम लागल्यासारखं वाटून श्वास आणखी वाढतो. म्हणून नियम करा: एका कपारीवर तीन मिनिटं, मग सोडायची. आणि प्रत्येक शेवंडीनंतर, सापडो वा निसटो, गेज. तिकडचं गेज बारमध्ये नसेल, पीएसआयमध्ये असेल. भरलेला सिलिंडर ३,००० पीएसआय दाखवतो, आणि ५० बार म्हणजे सव्वासातशेच्या आसपास. हे दोन आकडे निघण्याआधी पाठ करा. खोलीही फुटांत सांगतात. ३३ फूट म्हणजे १० मीटर. पहिल्या दोन दिवशी २५ फुटांच्या खाली जाऊ नका. तेवढ्या उथळ पाण्यातही शेवंडी भरपूर असतात.

दोघं आहात हे चांगलं आहे, पण दोघांनी दोन कपारींत तोंडं घालू नका. एकानं धरायचं, दुसऱ्यानं पिशवी सांभाळायची, दोघांचंही गेज बघायचं आणि वर बोटींचा आवाज येतोय का तिकडे कान ठेवायचा. पुढच्या सिलिंडरला अदलाबदल. नवरा पकडणार आणि बायको सगळ्याच डाइव्हला पिशवी धरणार, अशी वाटणी करणारे बरेच दिसतात. बायकांचा हात या कामात बहुतेकदा जास्त हलका चालतो, एवढंच सांगून ठेवतो.

पिशवी बीसीडीला (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाला) गाठ मारून बांधू नका. एकाच क्लिपनं अडकवा, एका हातानं सुटेल अशी. खडकात अडकली, वजन जास्त झालं किंवा एखादा शार्क तिच्यात फारच रस घ्यायला लागला, तर सोडून देता आली पाहिजे. पिशवी तळाशी फरफटत नेली की प्रवाळ मोडतं, आणि प्रवाळाला इजा करणं तिथं बेकायदा आहे. दुसरी वाईट सवय म्हणजे एक शेवंड सापडली की वर जाऊन बोटीवर द्यायची आणि पुन्हा खाली. करवतीच्या दात्यांसारखं असं वरखाली केलं की डीकम्प्रेशनचा त्रास (दाब कमी झाल्यावर अंगात विरलेल्या वायूचे बुडबुडे होणं) व्हायची शक्यता वाढते, उथळ डाइव्हमध्येसुद्धा. सगळी शिकार पिशवीत, वर एकदाच, मिनिटाला ९ मीटरच्या आतल्या वेगानं, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून.

कपारीत हात घालण्याबद्दल एकच सांगतो: जिथं दिसत नाही तिथं हात नाही. हिरवी मोरे ईल, सापासारखा लांब मासा, शेवंडीच्या शेजारीच राहते, आणि तिचे दात मागे वळलेले असतात. हात झटक्यानं ओढला की जखम चिरत जाते. लायनफिश मूळचा तिकडचा नाही, पण आता फ्लोरिडाच्या कपारींत उलटा टांगलेला दिसतो आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. टोचलाच तर डाइव्ह तिथंच संपवा, शांतपणे वर या, काटा राहिला असेल तर काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेनं विष निकामी होतं. पाणी आधी न दुखावलेल्या हातानं तपासा, नाहीतर बधिर झालेली कातडी भाजते. श्वास जड झाला, चक्कर आली तर दवाखाना. लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिनही त्याच कपारींत असतात, मोजे त्यांना थांबवत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. नेहमीचा मोसम ६ ऑगस्ट ते ३१ मार्च, त्यामुळे तुमची तारीख बसते. त्याआधी जुलैच्या शेवटच्या लागोपाठच्या बुधवार-गुरुवारी दोन दिवसांचा मिनी सीझन असतो. त्यात समुद्रात जत्रेसारखी गर्दी उसळते आणि नवख्यानं तिकडे फिरकूच नये. माणशी दिवसाला ६. पाहुण्यांना समुद्रातल्या मासेमारीचा परवाना आणि त्यावर शेवंडीचा वेगळा परवाना, दोन्ही लागतात, आणि ते प्रत्येकाच्या नावावर हवेत. मेहुण्यांच्या परवान्यावर तुमची पिशवी भरता येणार नाही. शेवंड किनाऱ्याला येईपर्यंत अखंड हवी, पाण्यावर शेपूट तोडायची नाही. तळावर लाकडी किंवा प्लास्टिकचे पिंजरे आणि वर त्यांचे तरंगते गोळे दिसतील, ते कोळ्यांचे सापळे. त्यांतल्या शेवंडीला हात लावणं गंभीर गुन्हा धरतात. पाण्यात असताना बोटीवर तांबड्यावर पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा डाइव्ह फ्लॅग लागतो, किमान २० बाय २४ इंचांचा. उघड्या पाण्यात त्याच्या ३०० फुटांच्या आत राहायचं, खाडीच्या तोंडाशी किंवा चॅनेलमध्ये १०० फुटांच्या. काही राखीव भागांत शेवंड काढायला पूर्ण बंदी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मेहुण्यांना त्या वर्षीचा नकाशा उघडायला लावा.

आणि इकडे, मालवण-तारकर्लीला हे करून बघायचा मोह टाळा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथं डाइव्हला नेणारे लोक पाण्यातल्या कशालाच हात लावू देत नाहीत, ते बरोबरच करतात. आपल्या किनाऱ्यावरची शेवंड मुख्यतः कोळ्यांच्या जाळ्यांत येते. तिचं प्रमाण घटतंय म्हणून २००३ साली निर्यातीसाठी किमान वजनं ठरवावी लागली, आपल्या नेहमीच्या जातीला ३०० ग्रॅम.

आता सोलापुरातला सराव. सुरुवात काय करायचं नाही इथून. उजनीत उतरू नका. गढूळ पाणी, वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जागोजागी सोडलेली मासेमारीची जाळी, जी अर्ध्या मीटरवरूनही दिसत नाहीत. शिवाय धरण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास ४९७ मीटर असते. ३०० मीटरच्या वरची डाइव्ह ही उंचीवरची डाइव्ह धरतात, तिचा हिशोब तुमच्या कोर्समध्ये शिकवलेला नाही. हिप्परग्याचा तलाव नको, विहीर तर अजिबात नको.

पोहण्याचा तलाव पुरेसा आहे. गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, तळाच्या फरश्यांवर रबरी चटई टाका, तिच्यावर चार विटा आणि एक फरशीचा तुकडा ठेवून कपार करा. कमरेएवढ्या पाण्यात, मास्क आणि स्नॉर्केल लावून, तोंड पाण्यात ठेवून काम करता येईल एवढी खोली बघा. शेवंड म्हणून रबरी चप्पल घ्या, तरंगू नये म्हणून तिच्या पट्ट्यात एक जड नट बांधा आणि टाचेला दोन मीटरची दोरी लावा. चप्पल कपारीत, टाच आत. जोडीदार कपारीच्या मागे दोरी धरून. तुम्ही काठी मागे नेऊन टाचेला टिचकी मारायची. जोडीदार चप्पल हळूच पुढे सरकू देतो. मग जाळं मागे ठेवून पुढच्या टोकाला टिचकी, आणि त्यानं दोरी झटक्यानं ओढायची. दोरी जाळ्याच्या खालून जाईल अशी ठेवलीत तर चप्पल जाळ्याच्या कडेला येऊन आपटते, आणि जाळं तळाला टेकलेलं नव्हतं, वाकडं होतं की लांब होतं, ते लगेच कळतं. जोडीदाराला सांगा, काठी जोरात लागली की न सांगता ओढायचं. लोक हसतील, हसू द्या. असे पंचवीस-तीस वेळा झाले की दोन्ही हात वेगवेगळी कामं करायला शिकतात, आणि समुद्रात अडतं ते नेमकं तिथंच. चपलेवर मोजपट्टीही लावून बघा, मोजे घालून. मोज्यांत पट्टी पकडणं वाटतं तितकं सोपं नाही. एक मात्र पाळा: पाण्याखाली जास्त वेळ राहायला म्हणून आधी भराभर श्वास घेऊन दम कोंडू नका. त्यानं पोहण्याच्या तलावात शुद्ध हरपून माणसं बुडतात.

सात-आठ डाइव्हवर थेट शिकारीला जाण्यापेक्षा मेअखेरीआधी तारकर्लीला दोन दिवस घालवा. पावसाळ्यात तिथलं पाणी बंद. नेमकं एवढंच मागा: तळापासून अर्धा मीटर वर, हात न हलवता, दहा मिनिटं एका जागी तरंगून राहायचं. ते जमलं नाही तर कपारीसमोर तुम्ही वाळू उडवणार आणि शेवंडीच्या आधी तुम्हालाच दिसेनासं होणार. परतीचं नियोजनही नीट करा. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, आणि डीकम्प्रेशनच्या धोक्यापुरतं ६०० मीटरच्या वर जाणं हे विमानानं उडण्यासारखंच धरायचं असतं. दोन दिवस डाइव्ह केल्यावर संध्याकाळी गाडी काढून घाट चढू नका. रात्र मालवणात काढा, निदान १८ तास जाऊ द्या. फ्लोरिडातून परतीच्या विमानाआधीही तेवढेच १८ तास, २४ असतील तर बरं.

स्वयंपाकाचं तिथल्या तिथंच उरकावं लागेल. शेवंड बर्फावर ठेवा, पण वितळलेल्या गोड्या पाण्यात बुडू देऊ नका, मांस पचपचीत होतं. किनाऱ्याला आल्यावर शेपूट पिळून वेगळी करा. तिच्या मधून काळसर शीर जाते ती काढायला सुरी लागत नाही: तुटलेल्या मिशीचा वीतभर तुकडा शेपटीच्या शेवटच्या भोकातून आत घाला, काटे शिरेत अडकतात, जरा फिरवून ओढला की अख्खी शीर बाहेर येते. शेपूट उभी चिरून, मांसाची बाजू आधी, तापल्या जाळीवर ठेवा. मांस पारदर्शकाचं पांढरं झालं की उतरवा; दोन मिनिटं जास्त झाली की रबर होतं. बरोबर नेलेला काळा मसाला आवरा, त्यात शेवंडीची गोडी पार मरते. लोणी, लिंबू आणि मीठ पुरे. शेंगाचटणी बाजूला वाढून घ्यायला हरकत नाही.